गी घालून की गीशिवाय? ब्राझिलियन जिउ-जित्सूचा सराव दोन्हीकडे चालेल असा कसा उभा करायचा

ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणजे धरपकड करून, गळा आवळून किंवा सांधा पिळून समोरच्याला हार मानायला लावायचा खेळ, आणि गी म्हणजे त्याचा जाड कापडाचा पोशाख. अंगावर गी असला की समोरच्याला धरायला कॉलर, बाह्या, जॅकेटचा घोळ, पँट आणि पट्टा एवढ्या जागा मिळतात. गी काढला की मनगट, कोपराची मागची बाजू, मान, काख, कंबर, गुडघा आणि घोटा एवढंच उरतं, आणि पाच मिनिटांच्या रोलिंगनंतर (सरावाच्या लढतीनंतर) तेही घामाने निसरडं होतं. दोन्ही प्रकारांतले बाकीचे सगळे फरक इथूनच सुरू होतात.

पहिला फरक वेळेचा. गीमध्ये बाही नीट धरली की समोरचा ती सोडवेपर्यंत पकड टिकते. तेवढ्या वेळात तुम्ही कंबर सरकवता, पाय लावता, पुढचा डाव मांडता. नो-गीमध्ये, म्हणजे गीशिवाय, मनगटावरची पकड एक-दोन सेकंद टिकली तरी पुष्कळ. म्हणून तिथे पकड घेणं आणि हालचाल करणं एकाच क्षणी व्हावं लागतं. दुसरा फरक सुटण्याचा. नो-गीमध्ये फसलेला हात जोरात ओढला तर कधीकधी नुसत्या घामामुळे सुटतो. गीमध्ये कापड कापडाला घासतं, हात अडकून राहतो आणि कोन, कंबर, श्वास हे सगळं बरोबर असल्याशिवाय सुटका होत नाही.

यावरून आमचा सल्ला असा. नवीन माणसाने आठवड्याला तीन वर्ग करता येत असतील तर दोन गीचे आणि एक नो-गीचा करावा, आणि हा एक वर्ग पहिल्या महिन्यापासून करावा. एखादं वर्ष फक्त गी करून मग नो-गीला हात घालणाऱ्यांच्या बोटांना कापड शोधायची सवय लागलेली असते, आणि ती मोडायला बरेच महिने जातात. जवळच्या अकादमीत फक्त नो-गी शिकवत असतील तर तिथूनच सुरुवात करा, गीसाठी थांबून राहू नका. मात्र कुठल्याही बाजूने सुरुवात केली तरी पाया दोन्हीकडे चालणाऱ्या पकडींवर घाला: अंडरहूक (समोरच्याच्या काखेखालून घातलेला हात), ओव्हरहूक (त्याच्या दंडावरून टाकून अडकवलेला हात), सीटबेल्ट (मागून एक हात खांद्यावरून, दुसरा काखेखालून), बॉडी लॉक (कंबरेभोवती दोन्ही हातांचा विळखा), डोक्याची जागा. कॉलर आणि बाहीच्या पकडी त्यावर चढवायच्या. ब्राझीलचा खेळाडू मार्सेलो गार्सिया याने २००३, २००५, २००७ आणि २०११ मध्ये एडीसीसी या नो-गीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची विजेतेपदं जिंकली, आणि गीमधलं जागतिक विजेतेपदही पाच वेळा मिळवलं. त्याचा बटरफ्लाय गार्ड (बसून समोरच्याला पायांनी अडवून ठेवणं; अशा पायांच्या अडथळ्याला गार्ड म्हणतात), आर्म ड्रॅग (समोरच्याचा हात ओढून बाजूला काढणं) आणि पाठ घेण्याची, म्हणजे त्याच्या मागे जाऊन ताबा मिळवण्याची, पद्धत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच दिसते, कारण त्या खेळाचा आधार कापडावर कमी आणि शरीरावर जास्त आहे.

गी घेताना

ज्यूदोचा किंवा कराटेचा गी घरात असेल तर पहिले काही वर्ग त्यावर होतील, पण पुढे चालणार नाही. कराटेचं कापड ओढाताणीत फाटतं. ज्यूदोचा गी टिकतो, पण त्याच्या बाह्या आणि घोळ जास्त ऐसपैस असतो, म्हणजे समोरच्याला धरायला जास्त कापड मिळतं.

जिउ-जित्सूच्या जॅकेटचं वजन जीएसएममध्ये (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सांगतात. ३५० ते ४५० जीएसएमचं पर्ल वीव्ह विणीचं कापड आपल्या हवेला सर्वांत सोयीचं: हलकं, लवकर वाळणारं आणि रोजच्या सरावाला पुरेसं टिकाऊ. ५५० जीएसएमचा जाड गी धरायला कठीण जातो हा फायदा खरा, पण मे महिन्यात बंद खोलीत त्याने जीव नकोसा होतो आणि पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही. पँट ड्रिल किंवा रिपस्टॉप या मजबूत कापडाची घ्या आणि गुडघ्यावर दुहेरी कापड आहे ना ते पाहा.

मापासाठी ए१, ए२ या खुणांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. उंची आणि वजन दोन्ही जुळवा. कापड आधी आटवलेलं नसेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत बाह्या दोन-तीन सेंटीमीटर आखूड होऊ शकतात, तेवढी जागा ठेवा. स्पर्धेचा विचार असेल तर आयबीजेजेएफचं (ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं) मोजमाप लक्षात ठेवा: हात समोर सरळ ताणल्यावर बाही मनगटापासून ५ सेंमीपेक्षा वर नको, पँट घोट्याच्या हाडापासून ५ सेंमीपेक्षा वर नको, आणि ताणलेल्या हाताखाली बाहीत ७ सेंमी मोकळी जागा हवी. रंग पांढरा, निळा किंवा काळा. जॅकेट एका रंगाचं आणि पँट दुसऱ्या रंगाची चालत नाही. पट्टा ४ ते ५ सेंमी रुंद असावा आणि गाठ मारल्यावर दोन्ही टोकं २० ते ३० सेंमी लोंबावीत.

नो-गीसाठी अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड (ताणणाऱ्या कापडाचा टी-शर्ट) आणि खिसे, चेन, बटणं नसलेली शॉर्ट्स पुरे. खिशात बोट अडकून मोडतं, म्हणून साधी जिमची शॉर्ट्स नको. सैल टी-शर्ट तर अजिबात नको, तो डोक्यावर चढतो आणि त्यात हात गुंततात. शॉर्ट्सखाली स्पॅट्स (घट्ट लेगिंग्ज) घातल्या तर मॅटने गुडघे सोलवटत नाहीत. माउथगार्ड दोन्हीकडे लागतो. हातापायाची नखं वर्गाच्या आदल्या रात्री कापा. ऐन वेळी कापलेल्या नखाची कड धारदार राहते आणि समोरच्याला ओरखडे बसतात.

गीमधल्या पकडी

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळं कापड सगळा वेळ पूर्ण ताकदीने आवळून ठेवणं. दोन रोलमध्ये पुढचे हात दगड होतात, आणि सहा महिन्यांत बोटांचे सांधे सुजायला लागतात.

बाही धरताना तिच्या टोकाला चार बोटं बाहेरून लावून कापड मुठीत गोळा करा. बाहीच्या किंवा पँटच्या तोंडात बोटं आत घालणं नियमबाह्य आहे. शिवाय समोरच्याने मनगट फिरवलं तर बोटं आतच पिळवटतात, म्हणून सरावातही ही सवय लावू नका. कॉलरची खोल पकड चार बोटं आत आणि अंगठा बाहेर अशी घ्यावी. मूठ कानाच्या मागे पोहोचली तर ती गळा आवळायच्या कामाची. छातीवरच थांबली तर ती फक्त अंतर ठेवायच्या कामाची. हात छातीच्या पातळीवर असताना गळा आवळायचा प्रयत्न केला की शक्ती जाते आणि समोरचा आरामात बसून राहतो. आधी एका हाताने कापड खाली ओढून ताणा, मग दुसरा हात त्या ताणलेल्या कापडावरून वर सरकवा.

पकड कधी सोडायची हेही ठरवून शिका. समोरचा फिरतोय, तुमचं मनगट वळतंय आणि बोटं अजून कापडात आहेत, असं झालं की लगेच सोडा. बोटांच्या बहुतेक दुखापती या हट्टातून होतात. बोट दुखायला लागल्यावर शेजारच्या बोटाला सव्वा सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीने जोडून बांधलं तर आधार मिळतो, पण सांधा सुजलेला असेल तर पट्टी बांधून खेळत राहणं हा उपाय नाही.

समोरच्याने तुमची कॉलर धरली तर सोडवायची पद्धत अशी. दोन्ही हातांनी त्याची बाही मनगटाजवळ, कापडावरून पकडा. आपले दोन्ही हात छातीशी पक्के करा, कोपर बरगड्यांना चिकटलेले. आता हातांनी ढकलायचं नाही. हात जागेवर ठेवून छाती आणि खांदे झटक्यात मागे न्यायचे. अख्ख्या पाठीची ताकद त्याच्या चार बोटांवर येते आणि पकड सुटते. सुटल्याबरोबर बहुतेक जण ती बाही सोडून देतात, आणि पुढच्या सेकंदाला समोरचा पुन्हा कॉलर धरतो. सोडवलेला हात हातातच ठेवा आणि तिथूनच आपला डाव सुरू करा.

कापड नसेल तेव्हा

नो-गीमध्ये अंगठा वेगळा काढून मनगट धरण्यापेक्षा पाची बोटं एकत्र ठेवून आकड्यासारखं धरणं बरं. समोरच्याने झटका दिला तर पकड सुटली तरी हात जागेवरच राहतो आणि पुन्हा लावता येतो. धरायची उत्तम जागा म्हणजे मनगट आणि कोपराच्या मागचा भाग एकाच वेळी. मनगटावर एकच हात असेल तर समोरचा कोपर मागे ओढून सुटतो. कोपरामागे दुसरा हात असला की मागे जायची वाटच बंद.

आपलेच दोन हात एकमेकांत अडकवताना, उदाहरणार्थ बॉडी लॉक किंवा गिलोटिनमध्ये (समोरून मान काखेत घेऊन गळा आवळताना), बोटांत बोटं गुंफू नका. तळवा तळव्याला लावून, दोन्ही अंगठे बोटांना चिकटवून धरा. गुंफलेली बोटं कमजोर असतात आणि वजन पडलं की मोडतात.

दोन ठिकाणी गीवाल्यांची सर्वांत जास्त धांदल उडते. पहिलं, क्लोज्ड गार्ड: तुम्ही पाठीवर, पाय समोरच्याच्या कंबरेभोवती अडकवलेले. गीमध्ये कॉलर ओढून समोरच्याला खाली वाकवता येतं. नो-गीमध्ये हाताने मान ओढत बसलात तर तो पाठ ताठ करून उभा राहतो. इथे काम गुडघ्यांचं आहे: दोन्ही गुडघे आपल्या छातीकडे ओढा, तो पुढे आला की एका हाताने त्याचं डोकं छातीशी धरा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दंडावरून ओव्हरहूक घ्या. मग त्याला उठायचं तर तुमचं वजन घेऊन उठावं लागतं. दुसरं ठिकाण साइड कंट्रोल: समोरचा पाठीवर, तुम्ही बाजूने त्याच्या छातीवर आडवे. गीमध्ये मानेमागची कॉलर मुठीत धरून चेहरा वळवता येतो. नो-गीमध्ये तेच काम खांद्याने करायचं: खांद्याचं हाड त्याच्या जबड्यावर, वजन पायाच्या बोटांवरून पुढे ढकललेलं, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पलीकडच्या काखेत अंडरहूक. अंडरहूक नसेल तर तो कूस बदलून गुडघ्यांवर येणारच.

एकच साखळी, दोन्हीकडे

वेगवेगळे वीस डाव दोन यादींत शिकण्यापेक्षा एक साखळी घ्या आणि ती दोन्ही पोशाखांत घासा. आम्ही आर्म ड्रॅगपासून पाठ आणि पाठीवरून गळा ही साखळी सुचवतो, कारण तिचा मधला भाग तसाच राहतो आणि फक्त दोन टोकं बदलतात.

तुम्ही बसलेले आहात, दोन्ही पाय समोरच्याच्या मांड्यांच्या आत. तो गुडघ्यांवर आहे. तुमच्या डाव्या हाताने त्याचं उजवं मनगट धरा. उजवा हात आतून नेऊन त्याच उजव्या हाताच्या दंडाला, काखेच्या जितकं जवळ जमेल तितकं मागून पकडा. आता तो हात तुमच्या उजवीकडे ओढताना तुमची कंबर डावीकडे बाहेर सरकली पाहिजे. बहुतेकांचं इथेच चुकतं: हात जोरात ओढतात, पण स्वतः समोरच बसून राहतात. मग समोरचा कोपर मागे घेतो आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. कंबर सरकली की तुमची छाती त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे येते. लगेच डावा हात त्याच्या पाठीवरून पलीकडच्या काखेपर्यंत टाका. उजव्या हाताने दंड सोडायचा नाही, तोवर तर नाहीच.

गीमध्ये मनगटाऐवजी बाहीचं टोक आणि दंडाऐवजी कोपरामागचं कापड मिळतं, त्यामुळे वेळ जास्त. पण समोरच्याचा मोकळा डावा हात तुमच्या कॉलरवर किंवा पँटवर असेल तर तुमची कंबर सरकणारच नाही. म्हणून गीमध्ये आधी त्याच्या पकडी सोडवा, मग ड्रॅग. नो-गीमध्ये ही पायरी नाही, तिथे त्याचा हात पुढे आला त्याच क्षणी ड्रॅग लागला पाहिजे.

पाठ मिळाली की सीटबेल्ट: एक हात खांद्यावरून, दुसरा काखेखालून, आणि काखेखालचा हात वरच्या हाताच्या मनगटाला झाकून धरतो. छाती त्याच्या पाठीला चिकटलेली, मध्ये फट नको. पाय आतून मांड्यांवर, पण घोटे एकमेकांत अडकवायचे नाहीत. तसे अडकवले तर तो तिथेच तुमच्या घोट्याला लॉक लावतो. कुशीवर पडायचं झालं तर खांद्यावरून गेलेला हात खाली येईल त्या बाजूला पडा. उलट्या बाजूला पडलात तर त्याला पाठ मॅटवर टेकवून सुटणं सोपं जातं.

आता शेवट. नो-गीमध्ये रिअर नेकेड चोक, म्हणजे मागून नुसत्या हातांनी गळा आवळणं. समोरचा दोन्ही हातांनी तुमचा गळ्याकडचा हात धरून खाली ओढेल. तुमच्या काखेखालच्या हाताने त्याचा एक हात खाली खेचा आणि जमलं तर तो तुमच्या पायाखाली अडकवा. गळ्याकडचा हात इतका आत जाऊ द्या की कोपर हनुवटीच्या बरोबर खाली येईल. पंजा तुमच्याच दुसऱ्या दंडावर. दुसरा पंजा त्याच्या डोक्यामागे सरकवताना मागून न्या, चेहऱ्यासमोरून आणलात तर तो पकडेल. मग हातांनी पिळत बसू नका. दोन्ही कोपर एकमेकांकडे आणा आणि छाती फुगवून खांदे मागे घ्या. हात जबड्यावर राहिला तर दुखतं फक्त, गळा आवळला जात नाही. नीट बसला तर दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि माणूस दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपू शकतो. म्हणून टॅप (हार मानल्याची थाप) लागल्याक्षणी सोडा, आणि टॅप करणाऱ्यानेही वाट पाहू नये.

गीमध्ये हाच चोक बसवताना हात कॉलरवर आणि हनुवटीवर अडतो. म्हणून बो अँड ॲरो, म्हणजे धनुष्य ताणल्यासारखं कॉलर ओढून गळा आवळणं. काखेखालचा हात त्याचं लॅपेल (जॅकेटची पुढची कड) उघडून खाली ताणतो आणि गळ्याकडच्या हातात देतो. गळ्याकडचा हात अंगठा आत घालून शक्य तितका वर, कानाजवळ पकडतो. मग मोकळ्या हाताने आपल्याच बाजूच्या त्याच्या गुडघ्याजवळची पँट धरा, कंबर बाहेर सरकवून स्वतःला त्याच्या शरीराला आडवं करा आणि दोन्ही हात एकमेकांपासून दूर ओढा. पँट न धरता ओढलंत तर तो पायांच्या जोरावर तुमच्याकडे वळतो आणि दाब सुटतो. कॉलरची पकड छातीपाशीच राहिली असेल तर कितीही ओढा, गळा आवळणार नाही. सोडा आणि लॅपेल पुन्हा ताणून घ्या.

ही साखळी जोडीदाराने विरोध न करता दहा-दहा वेळा दोन्ही बाजूंनी करा. त्यानंतर तीन मिनिटांचा फेरा: तुम्ही बसलेले, तो गुडघ्यांवर, तुम्हाला पाठ घ्यायची आहे आणि त्याला तुमचा गार्ड पार करायचा आहे. कुणाचंही काम झालं की पुन्हा सुरुवातीपासून. अशा मर्यादित फेऱ्यांतून मोकळ्या रोलिंगपेक्षा जास्त शिकता येतं, कारण एकच प्रसंग दहा वेळा येतो.

दोन प्रकारांमधला पूल बांधायला आणखी एक फेरा फार उपयोगी: दोघांच्या अंगात गी, पण कापड धरायची मनाई. घर्षण गीचं, पकडी नो-गीच्या. गीच्या प्रत्येक वर्गातल्या शेवटच्या दोन फेऱ्यांपैकी एक असा करा. तिसऱ्या महिन्यापर्यंत बोटं आपोआप कापडाकडे जाणं थांबलेलं दिसेल.

कुस्तीतून आलेल्यांसाठी

महाराष्ट्रातल्या तालमींतून आलेल्या मुलांना नो-गी लगेच जमतं. पट काढणं, डोक्याचा दाब, अंडरहूकची झटापट हे सगळं ओळखीचं असतं. अडचण येते ती पाठ टेकल्यावर. चितपट होऊ नये म्हणून पालथं व्हायची सवय इतकी खोल असते की गार्ड पार होताच पैलवान पोटावर वळतो आणि पाठ देऊन बसतो. जिउ-जित्सूमध्ये पाठ मिळवणाऱ्याला ४ गुण, वर गळाही त्याच्या हातात. उपाय: रोज दोन फेरे पाठीवर पडूनच सुरू करा आणि नियम लावा की वळायचं तर समोरच्याच्या दिशेनेच, म्हणजे कुशीवर, त्याच्याकडे तोंड करून, गुडघा मध्ये घालत.

दुसरी गोष्ट मान. कुस्तीत गळा आवळायला बंदी, म्हणून पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला आणि खाली राहिलं तरी निभावतं. इथे तीच गिलोटिनची जागा. गीमध्ये तर मागून कॉलर ओढून मान अजून खाली नेता येते. डोकं आतल्या बाजूला, कपाळ त्याच्या बरगड्यांवर आणि नजर वर ठेवून पट काढायची सवय लावा.

उलट बाजूने, फक्त नो-गी करून गीकडे येणारे कॉलर विसरतात. गार्ड पार करताना डोकं खाली घालून पुढे रेटतात आणि क्रॉस कॉलर चोकमध्ये (दोन्ही हात कॉलरमध्ये घालून गळा आवळणं) सापडतात. त्यांनी पहिला महिना एकच गोष्ट पाहावी: समोरच्याचा एक हात कॉलरमध्ये खोल गेला की बाकी सगळं थांबवून आधी तो हात काढायचा. दुसरा हात आत यायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

पायांचे लॉक

नो-गीमध्ये पायांचे लॉक जास्त खेळले जातात. नियम मात्र पट्ट्यानुसार, म्हणजे पट्ट्याच्या रंगावरून कळणाऱ्या दर्जानुसार, बदलतात. आयबीजेजेएफमध्ये पांढऱ्या पट्ट्याला सरळ अँकल लॉकच (पाय न पिळता घोटा ताणणं) चालतो. हील हूक (टाच पिळणं) आणि रीपिंगला (आपल्या पायाने समोरच्याचा गुडघा आतल्या बाजूला ढकलणं) २०२१ पासून परवानगी आहे, तीही फक्त नो-गीमध्ये आणि प्रौढ गटातल्या ब्राउन व ब्लॅक बेल्टना. गीमध्ये हील हूक कुणालाच नाही. याला कारण आहे. टाच पिळली की ताण गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो आणि तिथे दुखायला लागेपर्यंत बरंचसं नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून इथे दुखण्याची वाट न पाहता टाच पकडली गेली, गुडघा अडकला, एवढ्यावरच टॅप करा. आणि ज्या दिशेने टाच पिळली जाते तिच्या उलट दिशेला घाबरून लोळू नका. गुडघा त्यातच जातो. अकादमीत हील हूक शिकवत असतील तर पहिलं वर्ष त्यातून सुटायचंच शिका, लावायचं नंतर.

घाम, पावसाळा आणि नायटा

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. प्रत्येक वर्गानंतर गी धुतलाच पाहिजे, पट्ट्यासकट. थंड पाण्यात धुवा, उलटा करून वाळवा आणि ड्रायर टाळा, नाहीतर आटतो. पावसाळ्यात आठवड्याला दोनपेक्षा जास्त गीचे वर्ग असतील तर दोन गी लागतातच. अर्धवट वाळलेला गी पिशवीत घालून नेला की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. गीच्या आत रॅशगार्ड घाला, वर्ग संपल्यावर अर्ध्या तासात आंघोळ करा, मॅटबाहेर पाऊल टाकलं की चप्पल घाला.

अंगावर गोल, कडेला लाल आणि खाजरा चट्टा दिसला तर तो नायटा समजून मॅटपासून दूर राहा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका: खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि मग महिनोन् महिने जात नाही. चट्टा गेला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध चालू ठेवा. नो-गीमध्ये त्वचेला त्वचा जास्त लागते, म्हणून तिथे लांब बाह्यांचा रॅशगार्ड आणि स्पॅट्स घालणं केव्हाही चांगलं.

कान सुजून आत पाणी साठल्यासारखा मऊ लागला तर पहिल्या दिवसांतच डॉक्टरकडून ते काढून घ्या आणि कानावर दाब राहील असं बांधून घ्या. उशीर झाला की तो पैलवानाच्या कानासारखा कायमचा कडक होतो.

स्पर्धेची तयारी

आयबीजेजेएफचे गुण दोन्ही पोशाखांत सारखेच: टेकडाउन (उभ्याने खाली पाडणं) २, स्वीप (खालून उलटवून वर येणं) २, नी-ऑन-बेली (पोटावर गुडघा) २, गार्ड पास (पायांचा अडथळा पार करणं) ३, माउंट (वर बसून ताबा) ४, बॅक कंट्रोल (पाठीवरचा ताबा) ४, आणि स्थिती तीन सेकंद टिकवावी लागते. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढांची लढत ५ मिनिटांची, निळ्याची ६. १९९८ मध्ये अबू धाबीत सुरू झालेल्या एडीसीसीत लढतीच्या पहिल्या भागात गुणच मोजत नाहीत, त्यामुळे तिथे सुरुवातीला सबमिशनसाठी (समोरच्याला हार मानायला लावण्यासाठी) धोका पत्करणं परवडतं.

स्पर्धेआधीच्या सहा आठवड्यांत ज्या पोशाखात लढायचं त्याच पोशाखात तीनपैकी दोन वर्ग करा आणि फेरे लढतीच्या वेळेएवढेच ठेवा. नवे डाव शेवटच्या तीन आठवड्यांत शिकू नका. वजन लढतीच्या जरा आधी होतं, म्हणून आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवायचा विचार सोडा. गीमध्ये वजन गीसकट करतात: प्रौढ पुरुषांच्या लाइट गटाची मर्यादा गीमध्ये ७६ किलो आणि नो-गीमध्ये ७३.५ किलो आहे. वाळलेला गी आणि पट्टा घालूनच घरच्या काट्यावर उभे राहा. स्पर्धेच्या पिशवीत दुसरा गी ठेवा, कारण पंचाने बाही मापून आखूड ठरवली तर बदलायला फार वेळ मिळत नाही.